थंडीतला एक दिवस, जोडीने

थंडीची सहल म्हटली की हल्ली पुष्कळांच्या डोळ्यांपुढे बर्फ उभा राहतो. नवे लग्न झालेले जोडपे मनालीला नाही तर गुलमर्गला जाते, बर्फात खेळते, फोटो काढून घेऊन परत येते. त्यात वावगे काही नाही. पण आपल्या बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला नि शाळामास्तराला ते कुठून परवडावे? म्हणून आज मी तुम्हांला पहाटे निघून दिवेलागणीला घरी पोचता येईल अशी एक सहल सांगणार आहे. तीत बर्फ नाही. पण रान आहे, पाखरे आहेत, पाणी आहे. अट एकच. जायचे ते नवरा-बायको दोघांनी.

थंडीत रानातली जनावरे पाहायला लोक जगभर जातात. अमेरिकेत वायोमिंग राज्यात जॅक्सन नावाचे छोटे गाव आहे. वरच्या डोंगरांत बर्फ पडला की चारा बुजतो आणि आपल्या सांबरासारखी एल्क नावाची मोठी हरणे हजारोंनी खाली गावाजवळ उतरतात. गेल्या शतकाच्या सुरुवातीला कडक हिवाळ्यांत ती उपासमारीने मरू लागली, तेव्हा गावकऱ्यांनीच आधी हाक दिली. मग १९१२ साली सरकारने त्यांच्यासाठी कुरण राखले. आज माणसे घोडे जुंपलेल्या बिनचाकी गाडीत बसून ती हरणे पाहतात. पाहण्यासारखे काही उरते, ते आधी कुणीतरी राखलेले असते म्हणून.

असे राखलेले रान आपल्याकडेही आहे. पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य आहे. १९९४ साली ते घोषित झाले. क्षेत्र सुमारे ३० चौरस किलोमीटर. बालाघाटाच्या उतारावरचे हे कोरडे, काटेरी रान. थंडीत पाने झडू लागली की झाडीतले पाखरू नजरेस पडते. मोर रात्री उंच झाडावर बसतो, उजाडता उजाडता ओरडतो आणि चरायला खाली उतरतो. ऊन तापले की सावलीला शिरतो. तेव्हा पाहायचे तर सकाळीच पोचले पाहिजे.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही मला बोल लावाल. डिसेंबरात पुरा पिसारा दिसायचा नाही. पावसाळा सरता सरता मोराची लांब पिसे गळतात आणि नवी यायला पुढे काही महिने लागतात. शिक्षकमित्रांनी मुलांना हेही सांगावे की, ज्याला आपण शेपटी म्हणतो ती मोराची शेपटी नव्हेच. ती शेपटीच्या वरची लांब वाढलेली पिसे. खरी शेपटी खाली असते, आखूड नि तपकिरी. पिसारा उभारताना मागून टेकू देते ती हीच.

मोर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला मारणे गुन्हा आहे. पण कायदा रानात असतो, मोर मात्र शेतात येतो. औषध चोळलेले बियाणे उघड्यावर सांडले की तो ते टिपतो आणि मरतो. तेव्हा पेरणी झाल्यावर सांडलेले बी मातीआड करा, एवढीच विनंती.

दहा-अकराच्या सुमारास रान सोडावे आणि मांजरसुंब्याकडे येऊन कपिलधारला उतरावे. इथे मन्मथस्वामींची समाधी आहे. 'परमरहस्य' हा ग्रंथ मराठीत लिहून त्यांनी वीरशैव विचार साध्या माणसाच्या भाषेत आणला. कार्तिकी पौर्णिमेला इथे मोठी यात्रा भरते, पाय ठेवायला जागा नसते. यात्रा सरली की मात्र निवांत. पावसाळ्यात कड्यावरून कोसळणारी धार थंडीत बारीक होते. पाऊस ओढ देतो त्या वर्षी तीही राहत नाही. त्या पाण्याजवळ सावलीला बसून शिदोरी सोडावी. भाकरी, ठेचा, दही. मांजरा नदी याच डोंगररांगेत उगम पावते, हेही बसल्या बसल्या आठवावे.

आता त्या अटीकडे येतो. घरोघरी काय होते? "अहो, तुम्ही जाऊन या. म्हशीची धार कोण काढील?" आणि यजमान मित्रांबरोबर जाऊन येतात! बाईने डोंगर पाहावा तो सरपण आणताना, आणि पाणी पाहावे ते हंडा भरताना. तसे नको. एक दिवस म्हैस जावेकडे सोपवा, पुढच्या आठवड्यात तिची तुम्ही सांभाळा. बाईने सहलीला येऊन नुसते बसायला काय हरकत आहे?

कारण थंडीत जोडीने घराबाहेर पडणे ही आपल्या जिल्ह्यात नवी गोष्ट नाही. दसरा-दिवाळी झाली की हजारो जोडपी निघतात. पण ती ऊस तोडायला. सांगली, कोल्हापूर, पलीकडे कर्नाटकापर्यंत. तिथे नवरा-बायको मिळून धरतात एक कोयता! उचल घेतलेली, मुकादमाचा हिशेब डोक्यावर. पहाटेच्या गारठ्यात तो तोडतो, ती मोळ्या बांधते. ज्यांना थंडीचा एक दिवस आपल्याच डोंगरात, बिनकामाचा, एकमेकांसोबत मिळतो त्यांनी तो फुकट घालवू नये, हे मी म्हणतो ते यासाठी.

आणि या जोडप्यांची मुले पुष्कळदा आजी-आजोबांजवळ गावातच राहतात. गुरुजी, बाई, तुम्ही सहलीचा दिवस ठरवाल तेव्हा त्या मुलांची नावे यादीत पहिली घाला. त्यांनी मोर पाहू दे, धार पाहू दे. उन्हाळ्याच्या तोंडाला आईबाप परततील, तेव्हा मोराचा पिसारा पुन्हा भरलेला असेल. मग तीच मुले आईबापांना रानाची वाट दाखवतील.