नाताळची कोरी वही

डिसेंबर आला की मला एक वही आठवते. १९७९च्या नाताळात ती मला मिळाली. तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि आम्ही बल्लारपूरला राहत होतो. स्टेशनचं नाव बल्लारशा, गावाचं बल्लारपूर. कोळसा, सागवान आणि कागद या तिघांनी पोसलेलं हे गाव. पोटासाठी कुठून कुठून माणसं इथे आली आणि इथलीच झाली.

आमच्या भिंतीला लागून एक तेलुगू ख्रिस्ती कुटुंब होतं. अंकल कागद मिलमध्ये, आंटी नर्स. ईदला अम्मी शिरखुर्म्याचा वाडगा झाकून त्यांच्याकडे पाठवायची. वाडगा कधी रिकामा परत आला नाही. दुसरं काही नसलं तर त्यात मूठभर साखर तरी असायचीच. नाताळ जवळ आला की अंकल बांबूच्या कामट्या तासून चांदणीचा कंदील करायचे. त्यावर पतंगाचा कागद डकवायचा. खळ लावायचं काम माझ्याकडे असे.

त्या वर्षी त्यांनी आसपासच्या सगळ्या मुलांना भेटी दिल्या. माझा डोळा दुकानातल्या चावीच्या मोटारीवर होता. हातात पडली ती वही. कोरे कागद अंकलनी दाभणाने शिवलेले, वर निळा पुठ्ठा. रेघासुद्धा नव्हत्या! मी तोंड पाडून उभा राहिलो. अंकल म्हणाले, "इसमें स्कूल का मत लिखना. जो मन में आया, वो लिखना."

घरी अब्बांनी वही उलटसुलट करून पाहिली. मला वाटलं, दुसऱ्यांच्या सणाची भेट, परत कर म्हणतील. पण अब्बा शिंपीकाम करायचे. त्यांनी शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हाथ की सिलाई है. संभाल के रखना."

मी ती इतकी सांभाळली की दोन वर्षं एक अक्षर लिहिलं नाही. मग अंकल-आंटी त्यांच्या मुलखाला परत गेले. त्या रात्री पहिल्या पानावर चार ओळी लिहिल्या. घरची बोली हिंदी-उर्दू, शाळा मराठी. ओळी मराठीतच आल्या. यमक जुळलं नव्हतं, पण माझं लिहिणं तिथून सुरू झालं. त्यांचा पत्ता घ्यायचा मात्र राहूनच गेला.

पुढे बी.ए. होऊन नोकरीसाठी गडचिरोलीला आलो. १९९८ साली धानोरा तालुक्यातल्या एका गावात कवितावाचन होतं. तिथे मी ही गोष्ट रंगवून सांगितली. टाळ्या झाल्या. मागून एक म्हातारा उठला. म्हणाला, "गुरुजी, कागद तुमाले भेटला, चांगला झाला. पर त्याचा बांबू आमी तोडला. आमच्या पोराइले तवा पाटीबी नोती."

मला उत्तर सुचलं नाही. बांबूने लादलेले ट्रक मी लहानपणापासून पाहत होतो. बांबूचे तुकडे करतात, ते शिजवून लगदा करतात, लगद्याचा कागद होतो, हे मला पाठ होतं. तो बांबू कोणी तोडला, कोणी ट्रकवर चढवला, हा प्रश्न एकाही कवितेत मी विचारला नव्हता. ज्याने वही शिवली त्याचे आभार मानत होतो. ज्याच्या रानातून ती आली, तो माझ्या हिशेबातच नव्हता.

नंतर दिवस थोडे पालटले. २००६ साली वनहक्क कायदा झाला. त्याच धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २७ एप्रिल २०११ रोजी स्वतःचा बांबू स्वतःच्या वाहतूक परवान्यावर विकण्याचा अधिकार मिळाला. ती बातमी वाचली तेव्हा पहिल्यांदा तो म्हाताराच आठवला.

माझ्या वहीची निम्मी पानं उधईने खाल्ली. उरलेली जपून आहेत. गेल्या नाताळात मी बाजारातून कोरे कागद आणले, दाभणाने शिवले आणि वही घेऊन त्या गावी गेलो. म्हातारा आता नाही. त्याचा पणतू तिसरीत आहे. त्याने वही उघडली, चार पानं उलटली आणि विचारलं, "याच्यात रेघा काहून नाही?"

त्याचं तोंड पडलं होतं. मी हसलो नाही. कधीकाळी माझंही पडलं होतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)