यंत्राचा हजेरीपट



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'संगणकाच्या स्वयंचलित कामातील व्हेरिएबल आणि डेटा स्ट्रक्चर' असे उत्तर दिले, आणि पलीकडे थोडा वेळ कोणी बोलेना. कामगार संघटनेचा माणूस बोनसवर बोलेल, फार तर कंत्राटी पद्धतीवर बोलेल, अशी त्यांची समजूत असावी. माझे शालेय शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, रात्री, शब्दकोश शेजारी ठेवून. तेव्हा इंजिनियर सांगेल तसे मला सांगता येणार नाही. परंतु आमच्या सभासदांपैकी कितीतरी जण आता याच स्क्रिप्टा चालवण्याचे काम करतात, त्यांच्यावरची आरोपपत्रे याच भाषेत येतात, आणि ज्या भाषेत आरोपपत्र येते ती भाषा युनियनवाल्याला यावीच लागते.

आपले विजेचे बिल, बँकेचे खाते, रेल्वेचे आरक्षण या सर्वांच्या मागे सर्व्हर नावाची यंत्रे रात्रंदिवस चालू असतात. ती दोन-चार असत तेव्हा माणूस एकेका यंत्रापुढे बसून त्याची व्यवस्था लावी. ती शेकड्यांनी झाली तेव्हा हे अशक्य झाले. मग एकदाच हुकूम लिहून ठेवायचा आणि तो सर्व यंत्रांवर बजावायचा, अशी रीत निघाली. त्या लिहिलेल्या हुकुमाला स्क्रिप्ट म्हणतात. आज मी ज्याचे दाखले देणार आहे ते अॅन्सिबल नावाचे साधन मायकेल डीहान यांनी २०१२ साली लोकांपुढे आणले, आणि २०१५ साली ते रेड हॅट या कंपनीने घेतले. हे नाव उर्सुला ले ग्विन या लेखिकेच्या १९६६ सालच्या एका कादंबरीतले. तिच्यात कितीही अंतरावर तत्क्षणी निरोप पोचवणारे असे एक यंत्र आहे. नाव ठेवणारा वाचणारा माणूस होता, हे मला आवडले.

आता व्हेरिएबल म्हणजे काय? शाळेतल्या बीजगणितात याला आपण 'चल' म्हणत होतो, आणि 'क्ष ची किंमत काढा' या वाक्याने आपल्यापैकी पुष्कळांचे बालपण नासले. मला तो शब्द खरा कळला तो बदली कामगारावरून. मुंबईच्या गिरणीत कायम कामगार गैरहजर राहिला की त्याच्या जागेवर बदली घेत. जागा ठरलेली, माग ठरलेले, काम ठरलेले. उभा राहणारा माणूस मात्र रोज वेगळा. स्क्रिप्टमधले नाव ही जागा, आणि तिच्यात भरलेली किंमत हा त्या दिवशीचा बदली. 'बंदर क्रमांक', 'आवृत्ती', 'लक्ष्य' अशी नावे हुकुमात लिहून ठेवायची, आणि प्रत्येक यंत्रापुरती त्यांची किंमत निराळी द्यायची. हुकूम एकच राहतो, यंत्रे हजार असली तरी.

पण बदली आलाच नाही तर? गिरणीत माग बंद राही, एवढेच. संगणकाचे तसे नाही. स्टीम हा खेळ विकणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचा प्रोग्रॅम आहे. त्याच्या लिनक्सवरील आवृत्तीत एक स्क्रिप्ट होती, आणि तिच्यातल्या एका ओळीचा अर्थ असा होता की, अमुक नावाच्या फोल्डरच्या आत जे असेल ते सर्व पुसून टाक. जानेवारी २०१५ मध्ये असे उघडकीस आले की, काही परिस्थितीत त्या नावाची किंमत रिकामीच येते. नाव गळून पडले की मागे उरते ती फक्त एक तिरपी रेघ, आणि लिनक्समध्ये नुसती तिरपी रेघ म्हणजे सगळ्या घराचा उंबरठा. यंत्राने हुकूम शब्दशः पाळला. वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फायली तर गेल्याच, पण जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरच्याही गेल्या. गंमत, किंवा दुःख म्हणा, अशी की, त्या ओळीशेजारी लिहिणाऱ्यानेच 'हे भयंकर आहे' अशा अर्थाचा शेरा मारून ठेवलेला होता. शेरा माणसासाठी असतो. यंत्र तो वाचत नाही. किंमत रिकामी असेल तर तेथेच थांब, असे सांगण्याची सोय त्या भाषेत आहे. अपूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह, एवढी दोनच चिन्हे लिहावी लागतात.

अॅन्सिबल या बाबतीत शहाणे आहे. ज्या नावाला किंमतच दिलेली नाही, ते नाव वापरायला गेलात तर ते काम थांबवते. मात्र 'किंमत नसेल तर ही धर' असे सांगण्याचीही त्यात मुभा आहे. याला डिफॉल्ट म्हणतात. आमच्या क्षेत्रात हे नवे नाही. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्यात अशी तरतूद होती की, कारखान्याचे स्वतःचे स्थायी आदेश प्रमाणित होईपर्यंत सरकारचे आदर्श स्थायी आदेश लागू समजावेत. हाही डिफॉल्टच. पण कायदा करणाऱ्याने विचार केला होता: काहीच ठरलेले नसताना जे लागू व्हायचे, ते कमीत कमी नुकसानीचे असावे. हा विचार स्क्रिप्ट लिहिणारे नेहमी करतातच असे नाही. त्याकडे मी पुन्हा येणार आहे.

डेटा स्ट्रक्चर म्हणजे माहितीची मांडणी. हा शब्द ऐकून कोणी घाबरू नये, कारण या सभागृहातल्या प्रत्येकाने ती केलेली आहे. रेशनच्या दुकानापुढची रांग ही एक मांडणी. तिच्यात पहिला, दुसरा, तिसरा हा क्रमच सर्वस्व. माणसाचे नाव काय हे रांगेला ठाऊक नसते. संगणकात याला लिस्ट म्हणतात. गिरणीचा हजेरीपट ही दुसरी मांडणी. तिथे क्रमाला महत्त्व नाही. बिल्ला नंबर सांगा, आणि त्यापुढचे नाव, खाते, पगार सगळे मिळेल. हिला डिक्शनरी म्हणतात. आणि या दोन्ही एकमेकींत घालता येतात. आमच्या चाळीचा पत्ता घ्या: चाळ, तिच्यात मजले, मजल्यावर खोल्या, खोलीत माणसे. चाळीत दुसरा मजला, दुसऱ्यात चौदावी खोली, असे आत आत जावे लागते. मोठ्या स्क्रिप्टचे नव्वद टक्के दुखणे, माझ्या मते, या जिन्यांवरच असते. माणूस मजला चुकतो, आणि खोली रिकामी का, म्हणून ओरडत बसतो.

ही मांडणी यामल नावाच्या लिपीत लिहितात. तिच्यात मजला दाखवायला कंस लागत नाहीत. ओळीच्या आधी सोडलेली मोकळी जागाच मजला ठरवते. दिसायला फार सुबक. पण तिचा एक स्वभाव आहे, आणि तो मला गिरणीतल्या आगाऊ कारकुनासारखा वाटतो: न सांगता अर्थ लावण्याचा. अॅन्सिबल ज्या जुन्या, १.१ आवृत्तीच्या नियमांनी ती वाचते, त्यांत इंग्रजी 'नो' हा शब्द अवतरणचिन्हांवाचून लिहिला की त्याचा अर्थ 'नकार' होतो. देशांच्या यादीत नॉर्वेचे दोन अक्षरी चिन्ह नेमके हेच. म्हणजे यादीतून एक आख्खा देश जाऊन त्या जागी 'असत्य' येऊन बसते. पुढच्या १.२ आवृत्तीने २००९ साली हा नियम काढला, पण जुने वाचक यंत्रांत राहिलेच.

आमच्या कामाचे उदाहरण घ्या. बिल्ला नंबर ०१२३ तसाच लिहिला, तर पुढचे शून्य पाहून ती लिपी समजते की हा आकडा आठाच्या पायावर लिहिला आहे, आणि तो ८३ करते: चौसष्ट, अधिक दोनदा आठ, अधिक तीन. शेजारच्या ०१८९ ला मात्र हात लावीत नाही, कारण आठाच्या पायावर आठ आणि नऊ हे अंकच नसतात. एकाच हजेरीपटातले दोन कामगार, एकाचा नंबर बदलला, दुसऱ्याचा शाबूत! रात्रपाळीची वेळ २२:३० लिहा. ती साठाच्या पायावरचा आकडा समजून १३५० होते. सकाळची ०६:०० शाबूत राहते, पण ६:०० लिहिलीत तर ३६०. या सगळ्याला उपाय एकच, आणि तो फुकटचा आहे: अवतरणचिन्हे घाला. जो आकडा मोजायचा नसतो, तो आकडा नसून नाव असते. बिल्ला नंबरांची कोणी बेरीज करतो काय?

याहून खोल गेलेली चूक अवतरणचिन्हांनी बरी होत नाही. महागाई भत्ता घ्या. करारात सूत्र कायम असते, आणि औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक दर महिन्याला बदलतो. म्हणजे सूत्र ही स्क्रिप्ट, निर्देशांक हे व्हेरिएबल. सिमल्याच्या लेबर ब्यूरोने सप्टेंबर २०२० पासून या निर्देशांकाचे पायाभूत वर्ष २००१ ऐवजी २०१६ केले. ऑगस्टचा जुना आकडा ३३८, सप्टेंबरचा नवा ११८. नाव तेच, प्रकारही तोच, साधी संख्या. कोणत्याही यंत्राला त्यात वावगे दिसणार नाही. पण करार जुन्या मालिकेवर असेल, तर नव्या आकड्याला २.८८ या जोड गुणकाने गुणावे लागते. ११८ चे जवळपास ३४० होतात. हे न करता आकडा सूत्रात टाकला, तर महागाई एका महिन्यात जवळजवळ दोन तृतीयांशाने उतरली असे दिसेल, आणि भत्ताही तसाच उतरेल. म्हणून मी आमच्या पोरांना सांगतो, नुसते 'निर्देशांक' असे नाव ठेवू नका, 'निर्देशांक_२०१६' ठेवा. नाव लांब झाले तरी चालेल. पगार आखूड होता कामा नये.

आता प्रश्न येतो तो अधिकाराचा. एकाच नावाला दोन ठिकाणी दोन किमती दिल्या असतील, तर कोणाची चालायची? अॅन्सिबलच्या माहितीपुस्तकात याच्या २२ पायऱ्या मोजून दिल्या आहेत. सर्व यंत्रांसाठी सांगितलेल्यापेक्षा एका गटासाठी सांगितलेले वरचढ. गटापेक्षा एकट्या यंत्रासाठी सांगितलेले वरचढ. आणि सर्वांच्या वर, स्क्रिप्ट चालवताना ऐन वेळी हाताने दिलेली किंमत. हे जॉबर, खातेप्रमुख, मॅनेजर अशा उतरंडीसारखे वाटेल. फरक असा की, येथे सर्वांत वरचा शब्द पुष्कळदा सर्वांत खालच्या माणसाच्या बोटातून जातो. रात्रपाळीचा ऑपरेटर चौकटीत एक शब्द भरतो, आणि तो शब्द एकवीस पायऱ्यांवर मात करतो. अधिकार त्याला कोणी दिलेला नाही. परिणाम मात्र त्याच्या नावावर लागतो.

२८ फेब्रुवारी २०१७ रोजी अॅमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातील साठवणुकीच्या सेवेत असेच झाले. ठरलेल्या प्लेबुकाप्रमाणे थोडे सर्व्हर बाजूला काढायचे होते. हुकुमातली एक किंमत चुकीची भरली गेली आणि पुष्कळ जास्त सर्व्हर निघाले. चार तासांहून अधिक काळ असंख्य संकेतस्थळे अडखळत होती. कंपनीने नंतर निवेदन काढले, आणि त्यातली एक गोष्ट मालकांच्या सभेत मी नेहमी सांगतो. त्यांनी हत्यार दुरुस्त केले. सर्व्हर सावकाश काढावेत, आणि गरजेपुरते किमान सर्व्हर उरतील त्याखाली काढताच येऊ नयेत, अशी अटकाव्याची सोय त्यात घातली.

आमच्याकडच्या एका कंपनीत, नाव मी घेत नाही, एका कंत्राटी ऑपरेटरला आरोपपत्र मिळाले. चाचणीची दहा-बारा यंत्रे बंद करून पुन्हा चालू करायची होती. त्याच्या हातून सगळीच्या सगळी बंद झाली. आरोप निष्काळजीपणाचा. बचाव प्रतिनिधी म्हणून मी चौकशीत बसलो, आणि त्याआधी तीन रात्री एका तरुण सभासदाशेजारी बसून ती स्क्रिप्ट ओळ न् ओळ वाचली. स्क्रिप्ट 'लक्ष्य' हे नाव शोधीत होती. ऑपरेटर ज्या चौकटीत शब्द भरी, तिचे नाव पंधरा दिवसांपूर्वी दिवसपाळीत कोणी 'लक्ष्य_गट' असे बदलले होते. त्याने 'चाचणी' हा शब्द बरोबरच भरला होता. नोंदीत तो स्वच्छ दिसत होता. पण तो ज्या नावाखाली गेला, ते नाव स्क्रिप्टमध्ये कोणी वाचीतच नव्हते, आणि कोणी न वाचणाऱ्या नावाबद्दल अॅन्सिबल तक्रार करीत नाही. मग 'लक्ष्य' ला किंमत मिळाली नाही, आणि त्यापुढे डिफॉल्ट लिहिलेला होता: 'सर्व'.

मी चौकशी अधिकाऱ्यापुढे तीन कागद ठेवले. ऑपरेटरने काय भरले त्याची नोंद, स्क्रिप्टची ती ओळ, आणि चौकटीचे नाव कोणत्या तारखेला बदलले त्याचा इतिहास. इतिहासात बदलणाऱ्याचे नावही असते. अधिकाऱ्याने विचारले, मग याला आरोपपत्र द्यावे असे तुमचे म्हणणे आहे काय? मी नाही म्हणालो. तोही कोणाचा तरी सभासद होण्याजोगा कामगारच आहे. आमचे म्हणणे असे होते की, त्या ओळीतला 'सर्व' हा शब्द काढा; किंमत नसेल तर काम थांबू द्या; आणि कोणकोणती यंत्रे बंद होणार त्यांची यादी आधी पडद्यावर दाखवून मगच होकार घ्या. अॅन्सिबलमध्ये ही यादी दाखवण्याची सोय आहे, ती विकत घ्यावी लागत नाही.

आरोपपत्र मागे घेतले गेले. ती ओळ त्याच आठवड्यात बदलली. चौकशीच्या काळात त्याला कामावरून दूर ठेवले होते, त्या सव्वीस दिवसांचा पगार कंत्राटदाराने द्यायचा की कंपनीने, यावर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवीत आहेत, आणि पुढच्या महिन्यात ते प्रकरण सहायक कामगार आयुक्तांपुढे आहे.