हिरड्यांचा रोग आणि रक्तगट



दांत किडला तर तो ठणकून आपली हकीकत सांगतो. हिरडी मात्र मुकाट्यानें झिजते. दांत घासतांना थोडें रक्त दिसतें, तोंडास दुर्गंधी येते, आणि पुढें एके दिवशीं घास चावतांना दांत हलतो. यासच आपण पायोरिया म्हणतों. "हा आमच्या रक्तगटाचाच दोष, मग उपचार करून काय उपयोग?" असा प्रश्न सुशिक्षित घरांतूनहि ऐकूं येतो. त्याचा आज थोडा विचार करूं.

रक्तगटांचा शोध कार्ल लांडस्टायनर यांनीं व्हिएन्ना येथें १९०१ सालीं प्रसिद्ध केला. ए, बी, एबी आणि ओ हे भेद तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावरील द्रव्यांवरून ठरतात. पुष्कळांच्या लाळेंतहि हीं द्रव्यें उतरतात. तेव्हां मुखांतील जंतूंशीं त्यांचा संबंध असेल, अशी शंका घेणें गैर नव्हे. त्या दृष्टीनें अनेक पाहण्या झाल्या. परंतु कोठें एक गट अधिक पीडित आढळला, कोठें दुसरा, तर कोठें कांहींच फरक दिसला नाहीं. साक्षीदारांची जबानी जुळत नसतां निकाल कसा द्यावा? शिवाय रोग जडणें ही एक बाब, आणि उपचारानें तो आटोक्यांत येणें ही दुसरी.

उलट एक प्रयोग पाहा. हाराल्ड लो यांनीं तो १९६५ सालीं डेन्मार्कमधून प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांनीं दांत घासणें सोडलें. दहा ते एकवीस दिवसांत एकूणएक सर्वांच्या हिरड्या सुजल्या. स्वच्छता पुन्हां सुरू होतांच सुमारें आठवड्याभरांत त्या पूर्ववत् झाल्या.

सूज अशी परतते. दांताभोंवतींचें झिजलेलें हाड मात्र आपोआप परत येत नाहीं. म्हणून वेळ दवडूं नये. दंतवैद्यांकडून हिरडीखालचें किटण खरवडून काढावें, रोज दोन वेळां दांत व त्यांच्या फटी स्वच्छ कराव्या, आणि ठरलेल्या मुदतीनें पुन्हां तपासून घ्यावें. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणांत रोगाची गति अजमावतांना धूम्रपान आणि मधुमेह यांस स्थान आहे, रक्तगटास नाहीं. धूम्रपानानें हिरडीचें रक्त येणें कमी होतें, आणि रोग झांकलेला राहतो. मधुमेह हिरड्या बिघडवितो, आणि बिघडलेल्या हिरड्या रक्तांतील साखर आवरूं देत नाहींत. आपल्याकडे भाजलेल्या तंबाखूची मिश्री दांतांस लावण्याची चाल आहे; तीहि घरांतून गेलीच पाहिजे.

परीक्षेंत अनुत्तीर्ण झालेल्या मुलाच्या पालकांनीं जन्मपत्रिका पुढें करावी, हें आम्हां शिक्षकांस नवें नाहीं. मुलगा अभ्यासास बसला कीं पत्रिकेची आठवण कोणास राहत नाहीं. हिरड्यांचेंहि तसेंच आहे. रक्तगट बदलणें आपल्या हातीं नाहीं. दांत घासण्याचा ब्रश मात्र आहे.