हिरवा चहा आणि कर्करुग्णाच्या रक्तातील गुठळी



कर्करोग व रक्ताची गुठळी यांचा संबंध पॅरिसचे वैद्य आर्मां त्रूसो यांनी १८६५ साली आपल्या व्याख्यानांतून मांडला. दैवदुर्विलास असा, की १८६७ साली त्यांना स्वतःच्याच शिरेत गुठळी आढळली. तीवरून त्यांनी आपला रोग ओळखला आणि त्याच वर्षी पोटाच्या कर्करोगाने ते निवर्तले.

कर्कपेशी रक्त गोठविणारी द्रव्ये सोडतात. शस्त्रक्रिया, काही औषधे आणि अंथरुणाला खिळून राहणे यांची त्यात भर पडते. जठर व स्वादुपिंड यांच्या कर्करोगात हा धोका विशेष. पायाच्या खोल शिरेतील गुठळी सुटून फुप्फुसात अडकली, तर काही मिनिटांत प्राण जाऊ शकतात.

अशा रुग्णाकडे आप्तेष्ट हिरव्या चहाचे पुडे घेऊन येतात. याने रक्त पातळ होते, असे सांगतात. (परसातील गवती चहा ही निराळी वनस्पती; हिरवा चहा म्हणजे नेहमीच्या चहाच्याच झुडपाचा, काळा न होऊ दिलेला पाला.) या समजुतीला थोडा आधार आहे. त्यातील कॅटेचिन द्रव्यांमुळे रक्तबिंबिका एकमेकींना कमी चिकटतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले. परंतु शिरेतील गुठळीत मुख्य वाटा फायब्रिनच्या जाळ्याचा असतो. आणि या चहाने कर्करुग्णाची गुठळी टळते, हे रुग्णांवरील चाचण्यांनी सिद्ध झालेले नाही.

उलट घडल्याची मात्र नोंद आहे. हृदयाची कृत्रिम झडप बसविलेल्या, वॉर्फरिन घेणाऱ्या एका ४४ वर्षांच्या गृहस्थाची हकीकत १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. ते रोज सुमारे दोन ते चार लिटर हिरवा चहा पिऊ लागले होते. त्यांचा आय.एन.आर. निर्देशांक ३.७९ वरून १.३७ वर उतरला, म्हणजे औषधाचा गुण जवळजवळ गेला. चहा थांबविताच तो २.५५ झाला. चहाच्या पाल्यात ‘के’ जीवनसत्त्व असते आणि वॉर्फरिन नेमके त्याच्याच विरुद्ध काम करते. त्या गृहस्थांना कर्करोग नव्हता. पण हेच औषध अनेक कर्करुग्णांनाही दिले जाते. काढ्यात हे जीवनसत्त्व अल्पच उतरते, म्हणून एखाद्या पेल्याची गोष्ट वेगळी.

अर्काच्या गोळ्यांबाबत अधिक सावध राहावे लागते. अस्थिमज्जेच्या मायलोमा या कर्करोगावरील बोर्टेझोमिब औषधाला चहातील द्रव्य निष्प्रभ करते, असे २००९ साली प्रयोगशाळेत आढळले. तेव्हा चहा असो वा गोळी, डॉक्टरांच्या कानावर घालावी. आणि एकच पाय सुजून दुखू लागला किंवा एकाएकी धाप लागली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे.