'टेक ऑफ' आणि 'काढणे'



पाचवीच्या वर्गात फळ्यावर एक इंग्रजी वाक्य लिहिलेले आहे : 'द प्लेन टुक ऑफ ॲट सिक्स.' 'टेक' म्हणजे घेणे आणि 'ऑफ' म्हणजे दूर, हे मुलांना पूर्वीच सांगितलेले आहे. एक मुलगा मोठ्या उमेदीने उठतो आणि अर्थ सांगतो, 'विमानाने सहा वाजता दूर घेतले.' वर्ग हसतो. मुलगा खाली मान घालून बसतो आणि पुढे अनेक दिवस हात वर करीत नाही.

असा प्रसंग कोणत्याही शाळेत घडू शकेल. यात मुलाचा अपराध कोणता? त्याला जे दोन अर्थ दिले होते, त्यांची त्याने प्रामाणिकपणे बेरीज केली. अंकांची बेरीज बरोबर येते. शब्दांची येईलच असे नाही, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. ज्याच्या घरी इंग्रजी जाणणारे कोणी नाही, त्याला शाळेबाहेर हे सांगणारेही कोणी भेटत नाही. तो मनाशी एवढाच धडा घेतो की, या भाषेत विचार करून उपयोग नाही. पाठ करावे हेच बरे. महाराष्ट्रात सन २००० पासून इंग्रजी पहिलीपासून शिकविण्यात येते. त्यामुळे हा चुकीचा धडा फार कोवळ्या वयात मनावर ठसण्याचा संभव आहे.

क्रियापदाला ऑफ, अप, आउट यांसारखा लहान शब्द जोडला जाऊन जो निराळा अर्थ उत्पन्न होतो, त्याला इंग्रजी व्याकरणात 'फ्रेजल व्हर्ब' म्हणतात. ही अडचण केवळ खेड्यातील मुलांची आहे असे नाही. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांचा विख्यात इंग्रजी कोश १७५५ साली प्रसिद्ध झाला. परकीयांना अशी जोड-क्रियापदे सर्वांत कठीण जातात, हे त्यांनी प्रस्तावनेतच नमूद केले आहे. तेथे दिलेल्या उदाहरणांत 'टेक ऑफ' हेही आहे आणि त्याचा अर्थ त्यांनी 'नक्कल करणे' असा दिला आहे. विमानाविषयीचा अर्थ त्यांच्या कोशात असणे शक्यच नव्हते. राइट बंधूंचे यंत्रचलित विमान प्रथम उडाले ते १७ डिसेंबर १९०३ रोजी. शब्द जुनेच राहिले. माणसाच्या व्यवहाराबरोबर त्यांचे अर्थ वाढले.

आज या एका जोडीचे निदान सहा अर्थ सर्रास वापरात आहेत. जोडे 'टेक ऑफ' करणे म्हणजे पायांतून काढणे. एक दिवस 'ऑफ टेक' करणे म्हणजे रजा काढणे. एखाद्याला 'टेक ऑफ' करणे म्हणजे त्याचा हुबेहूब आवाज काढणे, त्याची नक्कल करणे. चोर 'टुक ऑफ' म्हणजे चोराने पळ काढला. किमतीतून दहा रुपये 'टेकन ऑफ' म्हणजे तेवढे वजा केले. विमान 'टुक ऑफ' म्हणजे ते जमिनीवरून उडाले. मात्र आगगाडी 'टेकन ऑफ' असे वाचले तर ती उडाली असे समजू नये. ती गाडी बंद करण्यात आली, असा त्याचा अर्थ आहे.

या यादीकडे लक्षपूर्वक पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. पहिल्या चारही ठिकाणी मराठीत एकच क्रियापद आले आहे : काढणे. जोडे काढणे, रजा काढणे, आवाज काढणे, पळ काढणे. शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच मूल 'काढणे' निरनिराळ्या अर्थांनी बिनचूक वापरू लागते. हे अर्थ त्याला कोणी क्रमांक घालून पाठ करावयास लावले नव्हते. आईच्या, शेजाऱ्यांच्या व सवंगड्यांच्या बोलण्यातून, त्या त्या प्रसंगी, ते त्याने उचलले. एका क्रियापदाचे अनेक अर्थ सांभाळण्याची शक्ती त्याच्या ठिकाणी आहेच. इंग्रजीच्या तासाला ती जागी करणे एवढेच शिक्षकाचे काम आहे.

तथापि हे साम्य फार ताणू नये. चित्र काढणे आणि विहिरीतून पाणी काढणे या दोहोंसाठी इंग्रजीत 'ड्रॉ' चालते, 'टेक ऑफ' नव्हे. आणि दप्तरातून पुस्तक काढावयाचे झाल्यास 'टेक आउट' म्हणावे लागते. असे फरक मुलांनाच शोधू द्यावेत.

समानार्थी शब्दांविषयीही थोडा विवेक हवा. 'टेक' हे क्रियापद स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या भाषेतून इंग्रजीत रुळले. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच व लॅटिन शब्दांचा ओघ सुरू झाला. रिमूव्ह, डिडक्ट, इमिटेट, डिपार्ट हे शब्द त्या घराण्यातील होत. मराठीतही घरगुती 'काढणे' शेजारी अरबीतून आलेले 'वजा' व 'नक्कल' आणि संस्कृतातून आलेले 'प्रस्थान' नांदतातच. 'रिमूव्ह युअर शूज' हे पाटीवर शोभते. आई मुलाला 'टेक ऑफ' म्हणेल. शिवाय आगगाडी 'डिपार्ट' होते, पण ती विमानासारखी 'टेक ऑफ' करीत नाही. म्हणून समानार्थी शब्द वाक्यात ठेवून पाहिल्याशिवाय तो समान आहे असे मानू नये.

वर्गात करावयाचे ते थोडके आहे. एका दिवशी एकच अर्थ घ्यावा आणि शक्य तेथे कृतीने द्यावा. 'टेक ऑफ युअर कॅप' म्हणताच मुलांनी टोपी काढावी. 'टेक युअर कॅप ऑफ' हेही चालते, हे दाखवावे. परंतु टोपीऐवजी 'इट' आले की 'टेक इट ऑफ' असेच म्हणावे लागते, हे वारंवार कानांवर पडू द्यावे. पुढचा अर्थ काही दिवसांनी, नव्या वाक्यातून यावा. मुलांकडून 'काढणे' या क्रियापदाची वाक्ये गोळा करून घ्यावीत; तो तास आनंदाचा होतो. कोशात अशा जोड्या 'टेक' या मुख्य शब्दाखाली, बहुधा शेवटी दिलेल्या असतात, ही खूणही सांगून ठेवावी.

एखादा अर्थ शिक्षकालाच ठाऊक नसेल, तर 'उद्या पाहून सांगतो' असे म्हणण्यात कमीपणा नाही. मात्र दुसऱ्या दिवशी तो आठवणीने सांगावा.

आणि तो हसला गेलेला मुलगा? त्याला पुन्हा उभे करावे आणि विचारावे, 'बाळ, पळ काढला म्हणजे चोराने पिशवीतून काय काढले?' तो हसेल, वर्गही हसेल. पण या वेळी सर्व मिळून हसतील. दोन शब्द एकत्र आले म्हणजे तिसराच अर्थ जन्मतो, हे त्याला स्वतःच्या भाषेतून उमगेल. मग फळ्यावरील विमान कोठे गेले, हे त्याचे तोच सांगेल.