आशा पुथली यांची पहिली तबकडी

गवयाचा गळा रागाच्या चौकटीबाहेर पडला म्हणजे बिघडतो, अशी आपल्याकडील जुन्या जाणत्यांची समजूत आहे. १९७३ सालीं निघालेली आशा पुथली यांची पहिली तबकडी ऐकावयाची, तर ती समजूत थोडा वेळ बाजूस ठेवावी लागते. 'आशा पुथली' हेंच त्या तबकडीचें नांव.

१९४५ सालीं मुंबईंत जन्मलेल्या आशाबाईंनीं पंडित लक्ष्मणप्रसाद जयपूरवाले यांच्याकडे शास्त्रोक्त गायनाची तालीम घेतली, व त्याबरोबरच पाश्चात्य ऑपेराचीहि. घाटकोपर-मुलुंडच्या एखाद्या घरांत मुलीनें असा दुहेरी अभ्यास आरंभिला असता, तर आजोबांनीं प्रथम पेटीचें झांकण लावलें असतें! पुढें जॅझचा नाद लागला. वेद मेहता यांनीं 'पोर्ट्रेट ऑफ इंडिया' या १९७० सालच्या ग्रंथांत त्यांच्याविषयीं लिहिलें. विमान-परिचारिकेची नोकरी व मार्था ग्रॅहॅम यांच्या नृत्यशाळेची शिष्यवृत्ती अशा वाटांनीं त्या न्यूयॉर्कला पोंचल्या, आणि जॉन हॅमंड या पारखी गृहस्थांनीं त्यांना ऑर्नेट कोलमन यांच्याकडे पाठविलें.

कोलमन यांचें संगीत म्हणजे स्वरसंघांच्या ठराविक क्रमाचा आधारच काढून घेतलेला. 'सायन्स फिक्शन' या तबकडीसाठीं १९७१ सालीं आशाबाईंनीं त्यांचीं दोन गीतें गायिलीं. आलापाची संवय असलेल्या गळ्यास असल्या निराधार जागीं एकच स्वर धरून उभें राहतां येतें. येथें घरची तालीमच कामास आली.

मग लंडन. सी. बी. एस्. कंपनीसाठीं डेल न्यूमन यांच्या संयोजनाखालीं पहिली तबकडी झाली. तींत जे. जे. केल, बिल विदर्स व जॉर्ज हॅरिसन यांचीं गीतें आहेत. म्हणजे सामग्री उसनी, परंतु गळा स्वतःचा. हा आवाज कधीं कुजबुजीइतका खालीं उतरतो, कधीं अक्षर सोडून नुसत्या श्वासावर राहतो, आणि मग मींडेनें वर चढतो. सतारीचा झणत्कार झाला कीं भारत आला, असें त्या काळीं पाश्चात्य बाजारास वाटत असे. आशाबाईंचा भारत गळ्यांत आहे. क्वचित् वाद्यमेळाची गोडी अधिक होऊन आवाज झांकला जातो, हेंहि कबूल केलें पाहिजे.

त्याच सुमारास जमेकांत किंग टबी ध्वनियंत्रापुढें बसून गीतांतील गळा पुसून टाकीत होते. ढोल व मंद्र तंतुवाद्य शिल्लक, आणि मध्येंच गायकाच्या एखाद्या शब्दाचा घुमणारा प्रतिध्वनि. यालाच 'डब' म्हणतात. पंकच्या लाटेनंतर १९७९ सालीं लंडनच्या 'स्लिट्स' या मुलींच्या संचानें डेनिस बोव्हेल यांच्या हातून 'कट' ही पहिली तबकडी याच वळणावर करविली. त्यांनीं आशाबाईंपासून कांहीं उचललें, असें म्हणण्याचें कारण नाहीं. परंतु गळा हा मेळाचा राजा न राहतां त्यांतलेंच एक वाद्य व्हावा, हा प्रयोग दोहोंकडे आहे. आशाबाईंच्या १९७६ सालच्या 'स्पेस टॉक' या गीतांत तो अधिक उघड झाला. १९९७ साली 'नटोरियस बी. आय. जी.' या अमेरिकन रॅप-गायकाच्या तबकडींत त्याच गीताचा तुकडा वापरलेला आढळतो.

२०२४ सालीं, ऐंशीच्या उंबरठ्यावर असतां, इंग्लंडांतील ग्लास्टनबरीच्या महोत्सवांत आशाबाई पुन्हा गायल्या.