पैसा हातात का टिकत नाही?

आज आपण एका जुन्या दुखण्याबद्दल बोलणार आहोत. राबूनही शिल्लक का पडत नाही?

"बायकांना काटकसर जमत नाही," असं म्हणणं सोपं आहे. पण जून महिना आठवा. पेरणी तोंडावर, बियाणं-खत घ्यायचं असतं. त्याच दिवसांत आपण लेकरांना घेऊन संभाजीनगरला, औरंगपुऱ्यात खरेदीला येतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत पुस्तकं मोफत मिळतात, पण वह्या, दप्तर, थोरलीची कॉलेजची फी घरातूनच जाते. कापसाचा पैसा मात्र दिवाळीच्या मागेपुढे येतो. वाळूजच्या कंपनीत कंत्राटी कामाला जाणाऱ्यांच्या घरी पगार दर महिन्याला येतो, पण तोही किराणाची उधारी आणि हप्ते यांतच जातो. खर्च आधी, कमाई नंतर. मधला खड्डा आपण कर्जानं भरतो.

त्या कर्जाचा हिशेब करू. समजा, दुखण्यासाठी सावकाराकडून शेकडा ५ रुपयांनी १०,००० रुपये घेतले. महिन्याला ५०० व्याज. वर्षात ६,००० भरले, तरी मुद्दल तेवढंच!

आता आपला गट. १० जणींनी महिन्याला १०० रुपये टाकले, तर वर्षाला १२,००० जमतात. तेच १०,००० गटातून शेकडा २ रुपयांनी घेतले, तर वर्षाचं व्याज फार तर २,४००. मुद्दल फेडत गेलं तर आणखी कमी. शिवाय ते व्याज गटातच राहतं. नाबार्डनं १९९२ साली बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली. पण बँक आपली वही बघते. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब, सगळं वेळेवर हवं.

म्हणून तीन गोष्टी करू. पैसा हाती येईल त्याच दिवशी बचत बाजूला काढू. उरेल तेव्हा टाकू म्हटलं की उरतच नाही. कापूस विकला की जूनचा खर्च आपल्या नावच्या खात्यात ठेवू. आणि जास्त व्याजाचं कर्ज आधी फेडू. एक हप्ता भरायला दुसरं कर्ज काढायचं नाही.

जिची मजुरी पोटालाच पुरत नाही, तिला मात्र बचतीचा उपदेश नको. तिच्यासोबत ग्रामपंचायतीत जाऊन रोजगार हमीचं काम मागू.

पुढच्या बैठकीत वहीचं एक पान घ्या. कोणत्या महिन्यात पैसा येतो आणि कोणत्या महिन्यात जातो, ते समोरासमोर लिहा. खड्डा कुठे आहे ते दिसेल.